आयजीए नेफ्रोपॅथी असताना एएचयूएस कसा झाला? पहिली बायोप्सी चुकली होती का?

प्रश्न थोडक्यात असा. भावाचं वय 29. तीन वर्षांपूर्वी लघवीतून रक्त आणि प्रथिनं जात होती म्हणून बायोप्सी केली, तेव्हा आयजीए नेफ्रोपॅथी निघाली. गोळ्यांवर बरं चाललं होतं. गेल्या महिन्यात ताप आणि घशाचा संसर्ग झाला आणि आठवड्याभरात हिमोग्लोबिन 6.9, प्लेटलेट 52,000, किडनीचं काम किती बिघडलं ते सांगणारं क्रिएटिनिन 1.4 वरून 6.2 असं होऊन डायलिसिस सुरू झालं. दुसऱ्या बायोप्सीत ‘टीएमए’ दिसलं आणि आता निदान आहे अटिपिकल हिमोलिटिक युरेमिक सिंड्रोम, म्हणजे एएचयूएस. बहीण विचारते: एकाच माणसाला असे दोन आजार कसे? पहिलं निदान चुकलं होतं का? जनुकांचा अहवाल आलेला नसताना इंजेक्शनची घाई कशाला? आणि मी माझी किडनी देऊ का?

पहिली बायोप्सी चुकली असण्याची शक्यता कमी आहे. दोन्ही निदानं एकाच वेळी खरी असू शकतात, आणि नेफ्रोलॉजिस्टला हे अधूनमधून पाहायला मिळतं. मात्र ‘दोन वेगळे आजार योगायोगाने एकत्र आले’ एवढ्यावर समाधान मानू नये. पहिल्याने दुसऱ्याला वाट करून दिली का, हे शोधावं लागतं, कारण उपचार त्यावर ठरतात.

आधी टीएमए या शब्दाबद्दल. थ्रॉम्बोटिक मायक्रोअँजिओपॅथी हे आजाराचं नाव नाही, जखमेचं नाव आहे. सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला इजा होते, तिथे प्लेटलेट चिकटून गुठळ्या होतात, आणि त्या अरुंद झालेल्या वाटेतून जाताना लाल पेशी फाटतात. म्हणून रक्ताच्या काचपट्टीवर शिरस्त्राणासारखे तुटके तुकडे दिसतात, फुटलेल्या पेशींतून बाहेर पडणारं एलडीएच चढतं, सांडलेलं हिमोग्लोबिन टिपणारं हॅप्टोग्लोबिन जवळजवळ नाहीसं होतं आणि प्रतिपिंडांमुळे पेशी फुटतात का हे सांगणारी कूम्ब्स चाचणी निगेटिव्ह येते. किडनीवर याचा मोठा घाव बसतो, कारण तिच्यातली प्रत्येक गाळणी, म्हणजे ग्लोमेरुलस, ही केशवाहिन्यांची गुंडाळीच असते.

त्याच गाळणीत आयजीए नेफ्रोपॅथीही राहते. केशवाहिन्यांना आधार देणाऱ्या मेसँजियम नावाच्या भागात आयजीए हे प्रतिपिंड साचतं. म्हणजे दोन्ही आजारांचा पत्ता एकच, खोल्या वेगळ्या. शेजारच्या खोलीत आग लागली की या खोलीतही धूर येतोच. फ्रान्समधल्या एका गटाने 2012 मध्ये आयजीए नेफ्रोपॅथीच्या 128 रुग्णांच्या बायोप्सी टीएमएच्या खुणांसाठी मुद्दाम तपासल्या, तेव्हा 68 जणांत त्या सापडल्या. यातल्या बहुतेकांना तुमच्या भावासारखा एएचयूएस झालेला नव्हता, रक्तातल्या प्लेटलेट पडलेल्या नव्हत्या. पण हा आकडा पाहिला की ‘आयजीए आणि टीएमए एकत्र कसे’ हा प्रश्न उलटा विचारावासा वाटतो.

म्हणून टीएमए दिसलं की माझ्या डोक्यात लगेच एएचयूएस येत नाही. आधी मी चोर शोधतो. रक्तदाब फार चढला होता का? 220/130 सारखा दाब काही दिवस राहिला तर तो एकटाच हे सगळं घडवू शकतो, आणि आयजीएच्या रुग्णांत असा दाब विरळा नाही. कोणती औषधं चालू होती? ग्लोमेरुलसच्या आजारांवर आम्ही स्वतःच टॅक्रोलिमस आणि सायक्लोस्पोरिन ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं देतो, आणि ही दोन्ही अस्तराला इजा करू शकतात. ल्युपस, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार, असेल तर ल्युपसमुळेच, किंवा त्याच्या सोबतीने येणाऱ्या अँटीफॉस्फोलिपिड प्रतिपिंडांमुळे गुठळ्या होतात. एफएसजीएस या गाळण्यांवर व्रण पडण्याच्या आजाराच्या कोलॅप्सिंग प्रकारात टीएमए दिसतं. कर्करोगावरची व्हीईजीएफ रोखणारी औषधंही यात मोडतात: गाळणीच्या बाहेरच्या पेशी, म्हणजे पोडोसाइट, आतल्या अस्तराला जगवणारं व्हीईजीएफ पुरवतात, ते तुटलं की अस्तर गळून पडतं. हे सगळं बाजूला सारल्यावर, किंवा मूळ कारण दूर करूनही रक्त आणि किडनी सुधरत नसेल तेव्हा, शरीरातल्या कॉम्प्लिमेंट यंत्रणेकडे बोट जातं.

कॉम्प्लिमेंट म्हणजे रक्तातल्या प्रथिनांची जुनी पहारेकरी टोळी. जंतू आला की ती साखळीने जागी होते. तिची एक शाखा, ‘अल्टरनेटिव्ह पाथवे’, जंतू असो वा नसो, कायम मंद आचेवर चालू असते. स्वतःच्या पेशींना ती भाजू नये म्हणून ब्रेक आहेत: फॅक्टर एच, फॅक्टर आय, पेशीच्या पृष्ठभागावरचं एमसीपी. एएचयूएसमध्ये यातला एखादा ब्रेक जन्मतः ढिला असतो, किंवा सी3 आणि फॅक्टर बी या प्रथिनांत असा बदल असतो की ब्रेक लागूच होत नाही. हिमोलिटिक युरेमिक सिंड्रोमचं पहिलं वर्णन 1955 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या गासर आणि सहकाऱ्यांनी केलं. फॅक्टर एचच्या जनुकातल्या दोषाशी त्याचा संबंध पक्का व्हायला 1998 उजाडलं. मधल्या चाळीसेक वर्षांत अशा घराण्यांतल्या किती जणांना नुसतं ‘किडनी फेल’ म्हटलं गेलं असेल, कोण जाणे.

ढिला ब्रेक असलेले सगळेच आजारी पडत नाहीत, साधारण निम्मेच पडतात. त्यांना धक्का लागतो तो संसर्गाचा, गर्भारपणाचा, शस्त्रक्रियेचा. तुमच्या भावाच्या बाबतीत घशाचा संसर्ग झाला. गंमत अशी की आयजीए नेफ्रोपॅथीही घशाच्या संसर्गानंतरच उसळते, एकदोन दिवसांत लघवी चहासारखी लाल होते. त्यामुळे सुरुवातीच्या दिवसांत ‘आयजीए भडकला’ असं कोणालाही वाटलं असतं, त्यात डॉक्टरांचा दोष काढू नका. शिवाय आयजीएच्या साठ्याभोवतीही हीच अल्टरनेटिव्ह शाखा जागी झालेली असते, बायोप्सीत आयजीएच्या बरोबर सी3 दिसतं ते त्यामुळेच. अशा गाळणीत ब्रेक आधीच ढिला असेल तर ठिणगी पडायला फार काही लागत नाही.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. फॅक्टर एचच्या शेजारी सीएफएचआर3 आणि सीएफएचआर1 ही दोन जनुकं असतात, आणि काही लोकांत ती जन्मतःच गायब असतात. हा अभाव आयजीए नेफ्रोपॅथीपासून थोडं संरक्षण देतो. पण दोन्ही प्रतींत अभाव असेल तर फॅक्टर एचच्या विरोधात प्रतिपिंडं तयार होण्याचा धोका वाढतो, आणि त्यातून एएचयूएस होतो. जनुकाचा एकच तुकडा इकडे ढाल, तिकडे सुरी. भारतातल्या मुलांच्या मोठ्या नोंदींमध्ये एएचयूएसच्या निम्म्याहून अधिक रुग्णांत ही प्रतिपिंडं सापडली आहेत. युरोपात हे प्रमाण बरंच कमी आहे. म्हणून आपल्याकडचा रुग्ण असेल तर ही तपासणी मी कधीच मागे ठेवत नाही.

कॉम्प्लिमेंट आणि ग्लोमेरुलस यांचं नातं सगळ्यात स्पष्ट दिसतं ते सी3 ग्लोमेरुलोपॅथीत. तिथेही दोष त्याच कुटुंबातला, पण आजार वेगळा. फॅक्टर एच ही 20 मण्यांची माळ समजा. सुरुवातीचे मणी प्रत्यक्ष ब्रेक लावतात, शेवटचे दोन आपली पेशी कोणती ते ओळखून तिथे अडकतात. शेवटचे मणी बिघडले तर रक्तात वाहणारं कॉम्प्लिमेंट आटोक्यात राहतं, पण अस्तराच्या पृष्ठभागावर मोकाट सुटतं आणि एएचयूएस होतो. फॅक्टर एच जवळजवळ नसेलच तर रक्तातच सी3 भराभर खर्च होतं आणि त्याचे तुकडे गाळणीत साचतात. ती सी3 ग्लोमेरुलोपॅथी. उंदरांत हे दोन्ही घडवून दाखवलं आहे: संपूर्ण फॅक्टर एच काढलेल्या उंदराला साठ्याचा आजार झाला, शेवटचे मणी छाटलेल्या उंदराला एएचयूएस. माणसात सीमा इतकी आखीव नसते. काही रुग्ण आयुष्याच्या एका टप्प्यावर एका बाजूला आणि नंतर दुसऱ्या बाजूला दिसतात.

आता ‘पहिली बायोप्सी चुकली का’ याकडे वळू. आयजीए दाखवणारी इम्युनोफ्लुरोसन्स तपासणी झाली असेल तर आयजीए होतंच. पण एक विनंती डॉक्टरांना करा: जुन्या काचपट्ट्या मागवून त्याच पॅथॉलॉजिस्टला पुन्हा बघायला सांगा, आणि विशेषतः लहान धमन्यांकडे. तेव्हाच अस्तर सुजलेलं, भिंत कांद्याच्या पापुद्र्यांसारखी जाड झालेली, केशवाहिनीची कड दुहेरी दिसत असेल, तर टीएमए हळूहळू तीन वर्षं चालू होतं आणि आता उसळलं. तसं काही नसेल तर हा नवा घाव. फरक नुसता इतिहासाचा नाही. जुनी जखम असेल तर किडनी किती परत येईल याचा अंदाज बदलतो. जुन्या टीएमएमधली दुहेरी कड आणि साठ्याच्या आजारातली दुहेरी कड साध्या सूक्ष्मदर्शकाखाली जुळ्या बहिणींसारख्या दिसतात. साठा आहे की नाही हे इम्युनोफ्लुरोसन्स आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकच सांगतात. त्या दोन्हींशिवाय आलेल्या अहवालावर मी मोठा निर्णय घेत नाही.

माझी स्वतःची एक चूक सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी नेफ्रोटिक सिंड्रोमचा, म्हणजे लघवीतून भरपूर प्रथिनं जाण्याच्या आजाराचा, एक तरुण रुग्ण सायक्लोस्पोरिनवर होता. क्रिएटिनिन हळूहळू चढत होतं. प्लेटलेट 1,60,000, म्हणजे अहवालात ‘नॉर्मल’. मी मूळ आजारच वाढतोय असं धरून डोस कायम ठेवला. दोन महिन्यांपूर्वी त्याच्या प्लेटलेट 3,40,000 होत्या, हे जुन्या कागदांत होतं आणि मी ते पान उलटलंच नव्हतं. बायोप्सीत टीएमए निघालं. औषध बंद केल्यावर तो सावरला, पण पूर्ण नाही. तेव्हापासून प्लेटलेटचा आकडा मी एकटा वाचत नाही, आधीच्या आकड्याशेजारी ठेवून वाचतो. आधीपेक्षा पावपट किंवा जास्त घट असेल तर ती घटच, मग अहवाल काहीही म्हणो. आणि काही वेळा टीएमए फक्त किडनीपुरतं राहतं, रक्तात काहीच दिसत नाही. ते बायोप्सीशिवाय कळत नाही.

घाई कशाला, या प्रश्नाला दोन उत्तरं आहेत आणि पहिलं एएचयूएसबद्दल नाहीच. टीटीपी नावाचा आजार असाच दिसतो, आणि उपचार न झाल्यास बहुतेक रुग्ण दगावतात. तो ओळखायचा अ‍ॅडॅम्ट्स-13 या एन्झाइमच्या तपासणीने: 10 टक्क्यांखाली असेल तर टीटीपी. हा नमुना प्लाझ्मा देण्यापूर्वी घ्यावा लागतो, कारण दात्याच्या प्लाझ्मामधून एन्झाइम आत गेलं की अहवाल फसवा येतो. अहवाल येईपर्यंत मोठ्या माणसांत प्लाझ्मा एक्स्चेंज, म्हणजे रुग्णाचा प्लाझ्मा काढून दात्याचा देणं, सुरू ठेवतात. तुमच्या भावाचं झालं असणार ते हेच. त्याच वेळी शौचातलं शिगा टॉक्सिन तपासतात, कारण ई. कोलायमुळे होणारा नेहमीचा एचयूएस वगळायचा असतो. जुलाब झाले म्हणजे तो नेहमीचाच, असंही नाही. एएचयूएसमध्येही जुलाब असू शकतात. होमोसिस्टीन ही साधी तपासणी लोक विसरतात. बी12 वापरण्यातला एक जन्मजात दोष हुबेहूब असंच चित्र उभं करतो, आणि तो हायड्रॉक्सोकोबालामिनच्या इंजेक्शनांनी आटोक्यात येतो.

सी3 कमी असेल तर कॉम्प्लिमेंटचा संशय बळावतो, आयजीएच्या रुग्णात तर जास्तच, कारण आयजीएमध्ये सी3 सहसा कमी होत नाही. पण सी3 नॉर्मल आहे म्हणून एएचयूएस नाही, असं म्हणता येत नाही.

दुसरं उत्तर असं: जनुकांचा अहवाल यायला आठवडे लागतात, आणि खऱ्या एएचयूएसच्या साधारण 40 टक्के रुग्णांत ज्ञात जनुकांमध्ये काहीच सापडत नाही. म्हणजे अहवाल ‘नॉर्मल’ आला तरी निदान मोडत नाही. किडनी मात्र रोज थोडी थोडी जात असते. पूर्वी आमच्या हातात फक्त प्लाझ्मा होता, तेव्हा निम्म्याहून अधिक मोठी माणसं वर्षभरात दगावत किंवा कायमची डायलिसिसवर जात. कॉम्प्लिमेंटच्या साखळीच्या शेवटच्या टोकाला सी5 हे प्रथिन रोखणारं एक्युलिझुमॅब हे इंजेक्शन 2011 मध्ये अमेरिकेत या आजारासाठी मंजूर झालं. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पहिल्या गटातल्या डायलिसिसवरच्या 5 पैकी 4 रुग्णांचं डायलिसिस थांबलं. लवकर सुरू करणाऱ्यांची किडनी जास्त सावरते. मोठ्यांना पहिले चार आठवडे दर आठवड्याला 900 मिलिग्रॅम, पाचव्या आठवड्यात 1200, आणि नंतर दर दोन आठवड्यांनी 1200. रॅव्ह्युलिझुमॅब हे त्याचंच लांब टिकणारं रूप, सुरुवातीनंतर मोठ्यांना आठ आठवड्यांतून एकदा.

ग्लोमेरुलसचा आजार सोबत असताना इथे एक मेख आहे. ही औषधं प्रतिपिंडं आहेत, म्हणजे प्रथिनंच. लघवीतून भरपूर प्रथिनं जात असतील तर औषधही त्याच वाटेने जातं आणि डोस अपुरा पडू शकतो. प्लाझ्मा एक्स्चेंज चालू असेल तर तेही औषध काढून टाकतं, मग वरून पुन्हा द्यावं लागतं. अशा रुग्णात सीएच50 ही कॉम्प्लिमेंटचं काम मोजणारी चाचणी करून ते खरंच बंद पडलंय का, हे बघायला हवं. ‘औषध लागू पडलं नाही’ असं म्हणण्याआधी ते पोचलं का ते पाहा.

सी5 रोखलं की मेनिंगोकॉकस या जंतूविरुद्धचं संरक्षण जातं. त्याच्या दोन्ही लशी, एसीडब्ल्यूवाय आणि बी, द्यायच्या. लशीचा परिणाम दिसेपर्यंत आणि बरेच जण त्यापुढेही प्रतिजैविक चालू ठेवतात. लस घेतली तरी धोका पूर्ण जात नाही. घरातल्या प्रत्येकाला हे माहीत असू द्या: या औषधावर असताना ताप, तीव्र डोकेदुखी, मान आखडणं किंवा अंगावर जांभळे डाग दिसले तर सकाळची वाट न बघता रुग्णालय गाठायचं.

आता थोडं उलट बाजूने, कारण हल्ली प्रत्येक टीएमएला एएचयूएस म्हणण्याचीही घाई होते. टॅक्रोलिमसने झालं असेल तर आधी टॅक्रोलिमस काढा. दाबाने झालं असेल तर दाब उतरवा, आणि त्यानंतरही प्लेटलेट, एलडीएच, क्रिएटिनिन हलले नाहीत तर पुढचा विचार करा. फॅक्टर एचच्या विरुद्ध प्रतिपिंडं असतील तर प्लाझ्मा एक्स्चेंज आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं हा मुख्य मार्ग आहे. वर्षाखालच्या बाळाला टीएमएसोबत नेफ्रोटिक स्वरूपाची प्रथिनं जात असतील तर डीजीकेई या जनुकाचा विचार हवा. 2013 मध्ये सापडलेल्या या प्रकारात दोष कॉम्प्लिमेंटचा नसतो आणि सी5 रोखून सहसा उपयोग होत नाही.

भावाच्या आयजीएचं काय, हा प्रश्न उरतोच. सी5 रोखल्याने आयजीए बरा होत नाही. प्लेटलेट आणि एलडीएच जागेवर आल्यावरही लघवीतून प्रथिनं जात राहतील, आणि तेव्हा प्रश्न येईल की ती आयजीएची की टीएमएच्या व्रणांची. बाहेरून सांगणं कठीण असतं, कधी तिसरी बायोप्सी लागते. रक्तदाबाच्या आणि प्रथिनं कमी करणाऱ्या गोळ्या दोन्हींसाठी चालूच राहतात. फॅक्टर बी रोखणारी इप्टाकोपॅन ही गोळी अमेरिकेत 2024 मध्ये आयजीए नेफ्रोपॅथीसाठी आणि 2025 मध्ये सी3 ग्लोमेरुलोपॅथीसाठी मंजूर झाली आहे, त्यामुळे ‘गोळी आहे तर इंजेक्शन कशाला’ असं कोणीतरी तुम्हाला सांगेलच. एएचयूएसच्या तीव्र झटक्यात आज माझा भरवसा सी5 रोखणाऱ्या इंजेक्शनांवरच आहे.

इंजेक्शन आयुष्यभर घ्यावं लागेलच असं नाही. फ्रान्समधल्या 2021 च्या अभ्यासात 55 जणांचं एक्युलिझुमॅब बंद केलं, त्यांपैकी 13 जणांना आजार उलटला, आणि उलटलेल्यांत कॉम्प्लिमेंटच्या जनुकांमधले दोष ठळक होते. जनुकांचा अहवाल खरा कामाला येतो तो इथे: सुरू करताना नाही, थांबवताना. बंद केल्यावर घरी लघवीची पट्टी नियमित बघायची, आणि ताप-संसर्गात रक्त लगेच तपासायचं.

आणि तुमची किडनी. आत्ता देऊ नका, देण्याची तयारीही सुरू करू नका. डायलिसिसवर गेलेली किडनी या उपचारांवर काही महिन्यांनीही परत येऊ शकते. तितका वेळ तिला द्या. पुढे प्रत्यारोपणाची वेळ आलीच तर भावाचा दोष कोणत्या जनुकात आहे हे आधी कळायला हवं. दोष फक्त एमसीपीत असेल तर नवी किडनी स्वतःचं निरोगी एमसीपी घेऊन येते आणि आजार उलटण्याचा धोका कमी राहतो. फॅक्टर एचमध्ये असेल तर संरक्षणाशिवाय बसवलेली किडनी बहुतेक वेळा त्याच आजारात जाते, म्हणून सी5 रोखणारं औषध शस्त्रक्रियेच्या वेळेपासूनच द्यावं लागतं. सख्खी बहीण म्हणून तोच दोष तुमच्यात असण्याची शक्यता निम्मी आहे. किडनी काढण्याची शस्त्रक्रिया हा तुमच्यासाठी तोच धक्का ठरू शकतो, जो भावाला घशाच्या संसर्गाने दिला. भावाच्या अहवालात दोष सापडला तर तुमची त्या एका जनुकाची तपासणी करून घ्या. दोष तुमच्यात नसेल तर पुढचं बोलता येईल. भावाच्या अहवालात काहीच सापडलं नाही तर मी जवळच्या नातेवाइकाची किडनी घेण्याचा सल्ला देत नाही.